कधीतरी

कुलाब्याच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो
आणि फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं,
तिथे तिसऱ्या मजल्यावर बसून मी सिद्ध करते
की दार दोन मजल्यांच्या मधोमध उघडणार नाही.
कधीच नाही.
'सहसा नाही' याला आमच्याकडे किंमत नाही.

लोअर परळच्या नव्या टॉवरची लिफ्ट, बावीस मजले,
सहा हजार ओळींचा प्रोग्रॅम,
आणि अवस्था इतक्या, की एकेक मोजायला घेतली
तर खिडकीबाहेरचा समुद्र आटेल.
म्हणून मोजत नाही. एकच विधान शोधते,
जे पावलाआधी खरं असतं
आणि कुठलंही पाऊल पडलं तरी खरंच उरतं.
बास. तेवढं सापडलं की अनंत एका कागदावर मावतं.
सात महिने लागले सापडायला.
झरीन म्हणाली, लवकर सापडलं.

वडील बॅलार्ड इस्टेटमध्ये लिफ्टमन होते, एकतीस वर्षं.
पितळी मूठ, जाळीचा दरवाजा, आणि एक स्टूल
ज्यावर बसायचं ते आत कोणी नसतानाच.
मूठ सोडायची मजल्याच्या वीतभर अलीकडे,
उरलेली वीत पिंजरा आपण होऊन यायचा.
हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. तळहातात होतं.
कधी चुकलात का, विचारलं एकदा.
दोनदा, म्हणाले. चार-चार बोटं.

दुसरी अट वेगळ्या जातीची:
कोणीही बटण दाबलं, तर लिफ्ट कधीतरी येईलच.
पहिली पाळणं त्या मानाने सोपं.
जी लिफ्ट हलतच नाही
तिचं दार अधांतरी कसं उघडेल?
पण 'कधीतरी'ला घड्याळ नाही,
नुसता शब्द दिलेला असतो.

यंत्राने चार सेकंदांत प्रतिउदाहरण काढून हातात दिलं.
अकरा पावलं, आणि पुढे गिरकी:
नववा, चौदावा, नववा, चौदावा,
आणि तळघरातलं बटण पेटलेलं.
पेटलेलंच.
एकही नियम न मोडता.

रविवारी भांडुपला, बोंबील साफ करता करता,
मी हे त्यांना सांगितलं, गंमत म्हणून.
हसले नाहीत. सुरी खाली ठेवली.
"मागल्या दारात सकवार. हातात दोन बादले.
घंटी वाजवायची. पाटयेर आकडो पडायचो.
शेटाचो हुकूम, तिच्यासाठी थांबाचा नाय.
मी वर, मी खाली.
माका दिसायचो आकडो."
मग परत बोंबील. शेपट्या, पर, पोटातली घाण,
सगळं एका बाजूला, नीट.

सोमवारी प्रोग्रॅममध्ये रांग घातली: जी हाक जुनी, ती आधी.
गुरुवारी रात्री सिद्धता पुरी झाली,
एका गृहीतकावर उभी राहून
की दार कोणी कायमचं धरून ठेवत नाही.
गृहीतकाशिवाय आमचंही चालत नाही.
कुठेतरी म्हणावं लागतं, इथून पुढचं आमच्याकडे नाही.

फोनवर वाचून दाखवली त्यांना, मराठी करून.
प्रत्येक मजल्यासाठी. प्रत्येक हाकेसाठी.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा.
"परत्येक म्हंजे सकवार धरून मां गो?"
प्रत्येक म्हणजे प्रत्येक, मी म्हटलं,
आम्ही तिथे उलटा ए काढतो,
त्यातून कोणाला वगळता येत नाही.
"मग तसा लिवान घे तेंच्याकडसून.
आणि ता दाराचा काय म्हणतस ता,
कोण धरून ठेवणा नाय म्हणान..."
खोकले.
"तू शेटाक बघूक नाय हस."